प्रोच्या बॅगेतून काय घ्यावं, काय तिथेच राहू द्यावं

ऑगस्ट २००९. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात हेझल्टाइन गोल्फ कोर्सवर पीजीए चॅम्पियनशिपची शेवटची फेरी चालू होती. तीन फेऱ्यांनंतर टायगर वुड्स आघाडीवर असला की मेजर स्पर्धा (वर्षातल्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक) त्याचीच, असं तोवर गृहीतच धरलं जायचं. चौदा वेळा तो असा आघाडीवर होता आणि चौदाही वेळा जिंकला होता. त्या दिवशी त्याच्या जोडीला होता कोरियाचा वाय. ई. यांग. अठराव्या होलवर यांग एका फटक्याने पुढे होता, ग्रीन (झेंड्याभोवतीचं अगदी आखूड गवत) दोनशे यार्डांच्या पलीकडे होतं आणि वाटेत एक झाड. यांगने बॅगेतून हायब्रिड काढला, म्हणजे लांब पल्ल्याचा पण मारायला सोपा क्लब (गोल्फची काठी). चेंडू झाडावरून गेला, ग्रीनवर उतरला आणि झेंड्यापासून थोड्याच फुटांवर थांबला. मेजर जिंकणारा तो आशियातला पहिला पुरुष खेळाडू ठरला.

आपल्याकडे कुठल्याही कोर्सवर सकाळच्या चौघांच्या गटात बघा. हायब्रिड हा ‘वय झालं की घ्यायचा’ क्लब समजला जातो. ज्यांचा हँडिकॅप वीसच्या वर आहे, म्हणजे फेरीत पारपेक्षा (कोर्ससाठी ठरलेल्या फटक्यांपेक्षा) साधारण वीस फटके जास्त लागतात, त्यांच्याही बॅगेत थ्री-आयर्न आणि फोर-आयर्न दिमाखात उभे असतात. (आयर्न म्हणजे धातूच्या पात्याचा क्लब; नंबर लहान तितका पल्ला लांब आणि मारायला अवघड.) त्यांची पाती नव्यासारखी चकचकीत, कारण चेंडू त्यांना क्वचितच लागलेला असतो. ज्याला थ्री-आयर्न सहज मारता येतो तो माणूस मेजरच्या शेवटच्या होलवर सोपा क्लब हातात घेतो, आणि ज्याला तो येत नाही तो मात्र बॅगेत मिरवतो. प्रोकडून, म्हणजे व्यावसायिक खेळाडूकडून, शिकण्यासारखं जे काही आहे, त्यातलं बरंचसं या एका विसंगतीत आलं.

हौशी खेळाडू सहसा शिकतो ते भलतंच. टीव्हीवर अमुक खेळाडू जिंकला, त्याच्याकडे अमुक कंपनीचा ड्रायव्हर (होलच्या सुरुवातीला, टीवरून, सर्वांत लांब मारायचा क्लब) होता, की लगेच चौकशी सुरू. हौसेला मोल नसतं हे मान्य. पण त्या बॅगेतला काही भाग खेळाडूने निवडलेला असतो आणि काही भाग त्याच्या कराराने, हे लक्षात ठेवायला हवं. म्हणून करार नसतानाची बॅग जास्त बोलकी असते. २०१६ मध्ये नाइकीने गोल्फ क्लब बनवणं बंद केलं आणि त्यांचे खेळाडू मोकळे झाले. त्यातला ब्रूक्स केप्का पुढची काही वर्षं बरीचशी बॅग स्वतःच्या मर्जीने भरत होता. ड्रायव्हर एका कंपनीचा, आयर्न दुसऱ्या कंपनीचे, पटर (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायचा क्लब) तिसऱ्याचा. आणि थ्री-आयर्न? तो मात्र जुना नाइकीचाच, कंपनीने दुकान गुंडाळल्यावरही. अशा मिसळीच्या बॅगेने त्याने २०१७ ते २०१९ या काळात चार मेजर जिंकल्या. एकाच कंपनीचा, एकाच रंगाचा अख्खा सेट घेण्याचा आपला आग्रह दुकानदाराच्या सोयीचा आहे.

स्वीडनच्या हेन्रिक स्टेन्सनचंही तेच. त्याचा थ्री-वुड (वुड म्हणजे मोठ्या डोक्याचा, लांब पल्ल्याचा क्लब) कॅलवे कंपनीचा, २०११ च्या सुमाराचा. कंपनीने त्यानंतर कितीतरी नवे थ्री-वुड बाजारात आणले, पण हा गडी जुना सोडेना. टीवरून ड्रायव्हरऐवजी बऱ्याचदा तोच वापरायचा. जो क्लब कुठे जातो हे ठाऊक आहे, तो नव्या मॉडेलच्या मोहात विकू नये.

त्यांचा वेग, आपला वेग

प्रोची निवड जशीच्या तशी का चालत नाही, याचं मूळ कारण वेग आहे. अमेरिकेच्या पुरुषांच्या टूरवर, म्हणजे व्यावसायिक स्पर्धांच्या मालिकेत, ड्रायव्हरच्या डोक्याचा सरासरी वेग ताशी ११५ मैलांच्या आसपास असतो. मध्यम हँडिकॅपच्या हौशी पुरुषाचा वेग ९३-९४ मैल धरा. हा फरक फक्त लांबीचा नाही. चेंडू किती उंच जातो, किती गरगरतो आणि खाली येताना किती सरळ उतरतो, हे सगळं वेगावर अवलंबून आहे. कमी लॉफ्टचा, म्हणजे पात्याला कमी उतार असलेला क्लब प्रोने मारला की चेंडू वेगाच्या जोरावर वर चढतो. तोच क्लब आपण मारला की चेंडू कमरेच्या उंचीवरून सुटतो आणि ग्रीनवर टप्पा घेऊन पलीकडच्या बंकरमध्ये जातो. आपण म्हणतो, ‘फटका चांगला होता, नशीब नव्हतं.’ नशिबाचा काही संबंध नाही. तो क्लब आपल्या वेगाला थांबणारा चेंडू देऊच शकत नाही.

आता दुसरा आकडा बघा. महिलांच्या एलपीजीए टूरवर ड्रायव्हरचा सरासरी वेग ताशी ९५ मैलांच्या जवळपास आहे, म्हणजे जवळजवळ आपल्याइतकाच. तरी बहुतेक हौशी पुरुष नक्कल करायला निवडतात रॉरी मॅकिलरॉय. कारण उघड आहे, पण ते बोलून दाखवायला कोणी तयार नसतं! खरं म्हणजे आपल्या बॅगेचा आरसा एलपीजीएमध्ये आहे. तिथल्या पुष्कळ खेळाडूंच्या बॅगेत पाच किंवा सहा नंबरचा आयर्न हाच सर्वांत लांब आयर्न असतो. त्यापुढे सगळे हायब्रिड आणि फेअरवे वुड. ड्रायव्हर त्या किंचित वरच्या दिशेने मारतात, त्यामुळे आहे त्या वेगात जास्तीत जास्त लांबी निघते.

आपली अदिती अशोक आठवा. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये ती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. टीवरून तिचा चेंडू त्या मैदानातल्या सर्वांत आखूड चेंडूंपैकी होता. अमेरिकेच्या नेली कोर्डासारखी ताकद नाही हे मान्य करून, लांबून फेअरवे वुड आणि हायब्रिडने ग्रीन गाठायचं आणि मग पटरने वसुली करायची, हा तिचा खेळ. हौशी खेळाडूने टायगरचे जुने व्हिडिओ बघण्यापेक्षा हा खेळ बघणं जास्त फायद्याचं.

सेव्हन-वुडची लाज कशाला?

डस्टिन जॉन्सन हा टूरवरच्या सर्वांत ताकदवान खेळाडूंपैकी एक. २०२० ची मास्टर्स ही मेजर करोनामुळे नोव्हेंबरमध्ये झाली आणि ती त्याने वीस अंडर पारने जिंकली. त्याच्या बॅगेत तेव्हा सेव्हन-वुड होता. टॉमी फ्लीटवूड तर नाइन-वुडही बाळगतो.

कारण साधं आहे. सेव्हन-वुड आणि थ्री-आयर्न यांचा लॉफ्ट जवळपास सारखा, साधारण वीस-एकवीस अंश. पण वुडचं डोकं पोकळ आणि मागे पसरलेलं, त्यामुळे वजन खाली आणि मागच्या बाजूला जातं. तेवढ्याने चेंडू उंच उडतो, ग्रीनवर वरून उतरतो आणि लवकर थांबतो. शिवाय तो पात्याच्या मधोमध लागला नाही तरी डोकं हातात फारसं फिरत नाही. रफमधल्या गवतातूनही वुडचा गोल तळवा घसरत जातो, तिथे आयर्नचं पातं गवतात अडकतं.

आपल्यासाठी याचा अर्थ असा. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, तुमचा फोर-आयर्न आणि फाइव्ह-आयर्न शेजारी ठेवा आणि प्रत्येकी दहाबारा चेंडू मारा. नीट लागलेल्या एकट्या चेंडूकडे बघू नका, सगळे चेंडू कुठे पडले ते बघा. दोन्हींची लांबी सारखीच निघाली, तर मोठा क्लब बॅगेत फुकट जागा अडवतोय. कमी वेगाच्या खेळाडूंमध्ये हे अगदी सर्रास दिसतं. काहींच्या बाबतीत फाइव्ह आणि सिक्सचंही असंच निघतं. मग फोरच्या जागी सेव्हन-वुड, फाइव्हच्या जागी पंचवीस-सव्वीस अंशांचा हायब्रिड, एवढा बदल पुरतो.

क्लबवरचा नंबर फसवतो

हा मुद्दा मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो आणि दुकानात तो कोणी सांगत नाही.

प्रोच्या पारंपरिक, पातळ पात्याच्या ब्लेड आयर्नमध्ये सेव्हन-आयर्नचा लॉफ्ट ३४-३५ अंश असतो. हौशी खेळाडूंसाठी बनवलेल्या, ‘जास्त लांबी’ची जाहिरात असलेल्या सेटमध्ये तोच सेव्हन-आयर्न २८-२९ अंशांचा असतो. म्हणजे तो नावाने सेव्हन, कामाने जवळजवळ फाइव्ह-सिक्स. कपड्यांच्या दुकानात एका ब्रँडचा मीडियम दुसऱ्याच्या लार्जएवढा निघतो, तसलाच प्रकार. मित्रापेक्षा तुमचा सेव्हन वीस यार्ड लांब जातो म्हणून हुरळून जाण्याआधी तळाशी किंवा कंपनीच्या तक्त्यात लिहिलेला लॉफ्ट बघा.

हे वाईट आहे असं नाही. अशा क्लबचं वजन खाली असतं, त्यामुळे कमी लॉफ्टचाही चेंडू बऱ्यापैकी उंच जातो. भानगड सुरू होते सेटच्या दुसऱ्या टोकाला. सगळे लॉफ्ट खाली सरकले की पिचिंग वेजही सरकतो (वेज म्हणजे जवळच्या, उंच फटक्यांचे जास्त लॉफ्टचे क्लब). पूर्वी तो ४६-४७ अंशांचा असायचा, अशा सेटमध्ये ४२-४३ चा येतो. त्याच्या जोडीला आपण वेगळा घेतलेला सँड वेज असतो ५६ चा. मधल्या तेरा अंशांत काहीच नाही. समजा पिचिंग वेजने तुमचा चेंडू ११० यार्ड जातो आणि सँड वेजने ७५. मग ९० यार्डांवर उभे राहिलात की हातात काय घ्याल? पिचिंग वेज अर्ध्या जोराने, नाहीतर सँड वेज सगळा जीव लावून. दोन्ही फटके अवघड, आणि ९० यार्ड हे अंतर तर हौशी खेळाडूच्या वाट्याला एका फेरीत अनेकदा येतं, कारण पार-फोरवर दुसऱ्या फटक्यात ग्रीन चुकलेलं असतं किंवा पार-फाइव्हवर तिसरा फटका उरलेला असतो.

प्रो ही पोकळी ठेवत नाही. स्कॉटी शेफलरचे वेज ५०, ५६ आणि ६० अंशांचे. दोन वेजमधलं अंतर चार ते सहा अंशांचं, जेणेकरून प्रत्येक क्लबचा पूर्ण फटका पुढच्यापेक्षा ठरावीक यार्डांनी कमी जावा. फिल मिकलसन तर काही वेळा पाच वेज घेऊन उतरलाय. तुमच्या पिचिंग वेजचा लॉफ्ट आधी शोधा. तो ४३ निघाला तर ४८ आणि ५२-५४ च्या आसपास दोन वेज घेतले तर जागा भरते. नव्या ड्रायव्हरपेक्षा हा खर्च बराच कमी आणि फायदा जास्त.

साठ अंशांच्या लॉब वेजबद्दल मात्र सावध. मिकलसनचे उंच, मऊ फटके बघून तो घेणारे पुष्कळ, पण त्याला लागणारा सराव करणारे थोडे. पातं इतकं मागे झुकलेलं असतं की जरा चूक झाली की चेंडू खालून निसटतो, किंवा पात्याची धार लागून ग्रीनच्या पार पलीकडे जातो.

ड्रायव्हर: इथे नक्कल जपून

२००६ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, हॉयलेकच्या वाळलेल्या, तांबूस पडलेल्या कोर्सवर टायगरने बहात्तर होलमध्ये ड्रायव्हर फक्त एकदा काढला आणि स्पर्धा जिंकली. २०१३ मध्ये म्युरफील्डला मिकलसनने बॅगेत ड्रायव्हर ठेवलाच नाही. शेवटच्या दिवशी सतराव्या होलवर वाऱ्याविरुद्ध सलग दोन थ्री-वुड मारून ग्रीन गाठलं आणि तोही ओपन जिंकला. हाच मिकलसन २००६ च्या मास्टर्सला दोन ड्रायव्हर घेऊन गेला होता, एक डावीकडे वळणाऱ्या चेंडूसाठी आणि एक उजवीकडे, आणि तिथेही जिंकला.

यातून ‘ड्रायव्हर घरी ठेवा’ हा धडा घेतला तर चुकेल. टायगरचा टू-आयर्न त्या टणक जमिनीवर घरंगळत अडीचशे यार्डांच्या पुढे जायचा. आपण टीवरून आयर्न मारला तर पुढच्या फटक्याला एकशे नव्वद यार्ड उरतात आणि त्यासाठी आपल्याकडे बरा क्लबच नसतो. आपल्या खेळात लांबी सोडणं महागात पडतं. त्यांच्याकडून घ्यायचा तो प्रश्न: या कोर्सवर, या जमिनीवर, या वाऱ्यात माझा कुठला क्लब कामाला येणार आहे? उत्तर आपलं आपण काढायचं, आणि बहुतेक होलवर ते ‘ड्रायव्हर’ असंच येईल.

त्याच ड्रायव्हरच्या लांबीकडे मात्र बघाच. दुकानातला ड्रायव्हर साधारण साडेपंचेचाळीस इंचांचा असतो. टूरवरच्या अनेकांचा त्याहून आखूड, ४५ इंचांच्या आत. रिकी फाउलरने तर काही काळ ४३.५ इंचांचा वापरला. इतके निष्णात खेळाडू आखूड दांडा घेतात आणि आपण लांब, हे उलटंच आहे. दांडा लांब तितका वेग जास्त, पण चेंडू पात्याच्या मध्यावर लागण्याची शक्यता कमी. बाजूला लागलेला चेंडू वेगही गमावतो आणि वाकडाही जातो, म्हणजे लांबीसाठी घेतलेला दांडा लांबीच खातो.

हे तपासायला यंत्र लागत नाही. रेंजवर जाताना पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे घेऊन जा. ड्रायव्हरच्या पात्यावर पातळ पांढरा थर द्या आणि पाचसहा चेंडू मारा. प्रत्येक चेंडू पावडरवर गोल खूण सोडतो. खुणा पात्यावर विखुरलेल्या असतील, कोणी टोकाला, कोणी दांड्याजवळ, तर पातं पुसा, पुन्हा स्प्रे मारा आणि आता हात ग्रिपवर एक इंच खाली धरून मारा. खुणा जवळजवळ आल्या तर उत्तर मिळालं. दांडा कापायची घाई करू नका, कापला की डोक्याचं वजन हलकं जाणवायला लागतं. नुसतं खाली धरलंत तरी काम भागतं.

लॉफ्टच्या बाबतीतही नऊ अंशांचा ड्रायव्हर म्हणजे मर्दानी आणि बारा अंशांचा म्हणजे बायकी, हा समज अजून टिकून आहे. ९० मैलांच्या वेगाला साडेदहा-बारा अंश बहुधा जास्त लांब जातात. दांड्याच्या कडकपणाचंही तेच. ‘एक्स’ लिहिलेला दांडा साधारण १०५-११० मैलांच्या पुढच्या वेगासाठी असतो. आपल्या हातात तो म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

जगातल्या अव्वल खेळाडूने पटर बदलला

२०२३ मध्ये शेफलर टीपासून ग्रीनपर्यंत जगात कोणालाच आटोपत नव्हता, पण पटिंगच्या आकडेवारीत तो टूरवर दीडशेव्या क्रमांकाच्याही खाली होता. २०२४ च्या फेब्रुवारीत मॅकिलरॉयने टीव्हीवर बोलता बोलता सांगून टाकलं की शेफलरने मॅलेट पटर वापरून बघावा, मला त्याचा फायदा झाला. एका प्रतिस्पर्ध्याने जाहीरपणे दिलेला सल्ला! मार्चमध्ये शेफलर पातळ ब्लेड सोडून मोठ्या डोक्याचा मॅलेट घेऊन बे हिलच्या स्पर्धेत उतरला आणि पाच फटक्यांनी जिंकला. पुढच्याच आठवड्यात प्लेयर्स स्पर्धा, एप्रिलमध्ये मास्टर्स.

मॅलेटमध्ये वजन कडांना आणि मागे वाटलेलं असतं, त्यामुळे चेंडू मध्यापासून थोडा बाजूला लागला तरी डोकं कमी फिरतं आणि चेंडू ठरल्या अंतराच्या जवळ जातो. वरच्या रेषेमुळे निशाणाही सोपा होतो. आता कोणी म्हणेल, टायगरने पंधरापैकी चौदा मेजर एकाच ब्लेड पटरने जिंकल्या, त्याचं काय? त्याचं बरोबरच आहे, त्याला तो लागू पडला. दोघांनीही निकाल बघून ठरवलं. आपण मात्र पटर दुकानातल्या गालिच्यावर दोन मिनिटं हलवून घेतो, आणि फेरीतले तीस-चाळीस फटके त्याच पटरने मारतो.

ऋतू, माती आणि घाम

काही गोष्टी टीव्हीवर दिसत नाहीत. वेजच्या तळव्याला ‘बाउन्स’ असतो, म्हणजे तळवा पुढच्या धारेपेक्षा किती खाली फुगलाय त्याचं माप. जास्त बाउन्सचा वेज मऊ जमिनीत रुतत नाही, कमी बाउन्सचा टणक जमिनीवरून उसळत नाही. प्रो कोर्सची जमीन बघून वेज बदलतात. आपल्याकडे तर एकाच कोर्सवर वर्षात दोन वेगळ्या जमिनी असतात. पुण्यात किंवा खारघरला मे महिन्यात फेअरवे कडकडीत, गवत जमिनीला चिकटलेलं. तिथे बारा अंशांचा बाउन्स उसळतो आणि चेंडूला मधोमध धार लागते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच जमीन चिखलाला आलेली, तिथे सहा अंशांचा वेज खणतीसारखा आत जातो. दोन सँड वेज घेणं परवडत नसेल तर मधला, आठ-दहा अंशांचा घ्यावा.

वेजच्या पात्यावरच्या खाचा झिजल्या की चेंडू फिरकी घेत नाही, म्हणून प्रो वेज सारखे बदलतात. आपल्याला तेवढं नको, पण खाचांतली माती प्रत्येक फटक्यानंतर टॉवेलने काढायला पैसे लागत नाहीत. ग्रिपचंही तसंच. मुंबईच्या दमट हवेत घामाने ग्रिप गुळगुळीत होते, मग हात आपोआप घट्ट आवळतात आणि स्विंगचा वेग जातो. हजारो रुपयांचा ड्रायव्हर घेणाऱ्याला ग्रिप बदलायचं मात्र सुचत नाही.

उंची फार कमी किंवा फार जास्त असेल तर आयर्नचा ‘लाय’, म्हणजे दांडा आणि तळवा यांच्यातला कोन, तोही तपासून घ्या. चेंडूला लागताना पात्याचं टोक हवेत राहत असेल तर उजव्या हाताच्या खेळाडूचा चेंडू डावीकडे जातो आणि वर्षानुवर्षं तो आपल्या स्विंगला दोष देत बसतो. फिटिंग करणारा माणूस हा कोन काही मिनिटांत वाकवून देतो.

राहिला चौदाचा आकडा. १९३० च्या दशकात काही खेळाडू वीस-पंचवीस क्लब घेऊन फिरायचे, तेव्हा १९३८ मध्ये अमेरिकेने आणि पुढच्या वर्षी ब्रिटनने चौदाची मर्यादा घातली. तिचा चटका इयन वूझनमला विचारा. २००१ च्या ओपनमध्ये शेवटच्या दिवशी संयुक्त आघाडीवर असताना, सरावासाठी घेतलेला दुसरा ड्रायव्हर बॅगेत राहून गेल्याचं त्याला दुसऱ्या टीवर कळलं आणि दोन फटक्यांचा दंड बसला. पण चौदा ही वरची मर्यादा आहे, चौदा असलेच पाहिजेत असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही. नवा खेळाडू ड्रायव्हर, एक फेअरवे वुड, एक हायब्रिड, सहा ते नऊपर्यंतचे आयर्न, दोन वेज आणि पटर अशा दहा क्लबवर वर्ष-दोन वर्षं आरामात काढू शकतो. उरलेल्या पैशांत ग्रिप बदलून घ्याव्यात, आणि राहिलेले रेंजवरच्या चेंडूंना.